भर पावसात सात तुराट्या रोवून गेलेल्या मिस्त्रीकाकांना

ती. मिस्त्रीकाकांना,
सा. न. वि. वि.

अनंत चतुर्दशी झाली, इंदूरच्या झांक्या (चित्ररथ) निघून गेल्या, पाऊस उतरणीला लागला आणि सिमरोळच्या घराची पश्चिमेची भिंत कोरडी आहे. पूर्ण कोरडी. जोत्यापासून चार फुटांपर्यंत दर आषाढात काळपट ओल उमटायची, श्रावणात पोपडे सुटायचे, दिवाळीला पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची भुकटी, फुलायचा. आता तिथे हात ठेवला तर चुन्याचा गारवा तेवढा लागतो. फोनवर हे तुम्हाला सांगून झालं, पण मन भरलं नाही. चारचौघांत सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

शनिवारी दुपारी खंडवा रोडनं किंवा महूकडे निघणारी मराठी घरं इंदुरात काही कमी नाहीत. कुणाचं वाडवडिलांचं कवेलूचं घर, कुणाची अर्ध्या एकराची वाडी. दोन दिवस खुरपं हातात घ्यायचं, एखादी खिडकी घासून तेलपाणी करायचं, संध्याकाळी ओट्यावर बसायचं. एवढंच हवं असतं. पण घरात शिरताच ओलीचा वास आला, की ते दोन दिवस गाद्या उन्हात टाकण्यात आणि पोपडे झाडण्यातच जातात.

तुमच्याआधी तिघं येऊन गेले. पहिल्यानं जुना चुन्याचा गिलावा खरवडला, त्यावर एकास चार सिमेंट थापलं, वॉटरप्रूफिंगचं औषध घातलं आणि वरून ऑइल पेंट मारला. दुसऱ्यानं त्यावर टाइल्सची पट्टी चढवली. तिसरा म्हणाला, पाडा आणि आरसीसी घ्या. तिघांनीही भिंत आतूनच पाहिली. बाहेरच्या बाजूला जाऊन पाणी कुठून येतं हे बघायला कुणाला पाच मिनिटं झाली नाहीत. पैसे मात्र तिघांनी वेळेवर घेतले. याचा राग अजून गेलेला नाही.

आणि तुम्ही? गेल्या वर्षी जुलैतल्या त्या रविवारी धो धो पाऊस लागला होता. तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. आदल्या आठवड्यात फक्त भिंतीचं बोलणं झालं होतं. छत्री धरून तुम्ही फाटकातून आत आलात, घरात न येता थेट पश्चिमेच्या बाजूला गेलात आणि वळचणीखाली अर्धा तास उभे राहिलात. मग कुंपणाशी रचलेल्या तुराट्यांमधली एक काढून तिचे वीतभर तुकडे केलेत, आणि पाणी जिथे जिथे थांबत होतं तिथे एकेक तुकडा रोवत गेलात. पायजमा पोटरीपर्यंत चिखलानं भरलेला. सात तुकडे रोवून झाल्यावर ओट्यावर येऊन चहा घेतलात आणि म्हणालात, “भिंत पाण्यात उभी आहे. आत्ता हात लावण्यात अर्थ नाही. दसऱ्यानंतर सांगा.”

पावसाळ्यात मिस्त्रीच्या हाताला काम कमी असतं, हे कुणाला सांगायला नको. अशा दिवसांत समोर चालून आलेलं काम तीन महिने पुढे ढकला असं सांगणारा माणूस आम्ही तरी दुसरा पाहिला नाही. पुढे तुम्ही जे केलंत ते सगळं मोलाचं, पण आठवण येते ती त्या सात तुराट्यांची.

त्या तुराट्यांनी सगळं उघड केलं. वळचणीचं पाणी पडत होतं घराभोवतीच्या तीन फुटी सिमेंटच्या पट्टीवर. पट्टी घालताना उतार बाहेरच दिलेला होता, पण तुम्ही ओळंब्याची दोरी आडवी धरून दाखवलंत, की तो आता भिंतीकडे झाला आहे. कारण माळव्याची काळी माती. पट्टीच्या बाहेरच्या कडेखालची माती पाऊस पिऊन फुगते, भिंतीलगतची त्या मानानं कोरडी राहते. दोन-चार पावसाळ्यांत बाहेरची कड उचलली जाते आणि सगळं पाणी उलटं घराकडे वळतं. भरीला भर म्हणून पट्टीपलीकडे दीड फूट उंचीचा मोगऱ्याचा वाफा होता. पाण्याला बाहेर जायला वाटच नव्हती. सातातले पाच तुकडे पट्टी आणि भिंत यांच्या मधल्या खोबणीत होते.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात. सिमेंटच्या गिलाव्याखाली ते निम्म्या वाटेपर्यंत तरी गेलं. वीट पाणी शोषते. पूर्वी ते चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू हवेत जायचं. सिमेंट आणि ऑइल पेंटनं तो रस्ता बंद झाला. मग पाणी वाट शोधत वर चढतं आणि जिथे अटकाव संपतो तिथे बाहेर पडतं. आधी ओल दोन फुटांवर थांबायची, सिमेंटनंतर ती चार फुटांवर गेली, ती यामुळे. पाण्याबरोबर आलेले क्षार विटेच्या आतच सुकतात, त्यांचे खडे होतात आणि ते विटेचं तोंड फोडतात. टाइल्स काढल्यावर मागची वीट बोटानं भुसभुशीत निघाली, ती तुम्ही न बोलता तळहातावर धरून दाखवली होतीत.

ज्यांच्या घरी हाच त्रास आहे त्यांच्यासाठी तुमची रीत इथे लिहून ठेवते. तुमची हरकत नसेल असं धरते.

सुरुवात बाहेरून. वाफा हलवून भिंतीपासून सहा फूट लांब नेला. पट्टी पूर्ण फोडली, खालची नऊ इंच काळी माती काढून मुरूम भरला, धुमसला आणि त्यावर कोटा फरशी अशी बसवली, की तीन फुटांत दोन इंच उतार बाहेर पडेल. जमिनीची पातळी घरातल्या फरशीपेक्षा किमान नऊ इंच खाली आणली. मग भिंतीपासून पाच फुटांवर एक फूट रुंद, दीड फूट खोल चर काढला, दर पाच फुटांना एक इंच उतार देऊन. चरात आधी जिओटेक्स्टाइलचं कापड, मग ४० मि.मी. गिट्टी, वर २० मि.मी.ची गिट्टी. कापड विसरलं तर काळी माती गिट्टीत शिरून दोन वर्षांत चर बुजवते. आणि चर भिंतीला चिकटून खणायचा नाही. जुन्या घरांचे पाये उथळ असतात, ते उघडे पडतात. हे तुम्ही तीनदा बजावलंत.

आतलं सिमेंट ओलीच्या रेघेच्या वर एक फूट, म्हणजे पाच फुटांपर्यंत काढलं. छिन्नी तिरकी धरून, हलक्या ठोक्यांनी, विटेचं तोंड शाबूत ठेवत. सांधे पाऊण इंच खोल खरवडले. त्यानंतर तीन महिने भिंत उघडीच. त्या काळात वर येणारा लोणा सुक्या ब्रशनं झाडायचा, खाली कागद पसरून गोळा करायचा आणि बाहेर फेकायचा. पाण्यानं धुवायचा नाही, कारण धुतला की तो विरघळून परत विटेत जातो. या एका गोष्टीत भलेभले चुकतात.

चुना भिजवायचा दिवस अजून डोळ्यासमोर आहे. लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी, मग कळीचा चुना थोडा थोडा; चुन्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, उसळून अंगावर येतो. प्लास्टिकचा ड्रम उष्णतेनं वाकतो. डोळ्यांवर चष्मा आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली ठेवल्याशिवाय तुम्ही कुणाला जवळ येऊ दिलं नाहीत. निवल्यावर चाळून, वर चार बोटं पाणी ठेवून महिनाभर झाकून ठेवला. महिन्यानं थापी घातली तर चुना श्रीखंडाच्या चक्क्यासारखा घट्ट आणि गुळगुळीत उठला.

प्रमाण साधंच: एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग धुतलेली रेती. सुरखी म्हणजे विटेची भुकटी, तीही कमी भाजलेल्या विटेची. जास्त भाजून काळ्या पडलेल्या झाम्याची भुकटी नुसती भर होते, चुन्याशी ती पकड धरत नाही. घमेल्यामागे मूठभर ताग, इंचभर कापलेला. मसाला मळताना वरून पाणी न घालता कुटून कुटून मऊ करायचा. आधी भिंत ओली करून घ्यायची. पहिला थर अर्ध्या इंचाच्या आत, त्यावर ओरखडे. नख दाबून खूण उठेनाशी झाली की दुसरा, त्याहून पातळ. थरांमध्ये किमान आठ-दहा दिवस. दुसऱ्या दिवशी केसासारख्या बारीक चिरा दिसल्या तर घाबरायचं नाही, लाकडी रंध्यानं दाबून घ्यायच्या. चिरा मोठ्या असतील तर मसाल्यात पाणी जास्त झालं किंवा ऊन-वारा लागून थर घाईनं सुकला. म्हणूनच हे काम तुम्ही जानेवारीत घेतलंत, आणि ओली गोणपाटं भिंतीसमोर टांगून ठेवलीत, भिंतीला न टेकवता.

शनिवार-रविवारच्या घराला चुना किती सोयीचा, हे तेव्हा समजलं. सिमेंट कालवलं की घड्याळ सुरू होतं. चुना ड्रममध्ये थांबतो. एका रविवारी थर, पुढच्या रविवारी तो तपासायचा, त्यापुढच्या रविवारी दुसरा. मधले दिवस राखणदारदादा गोणपाटं ओली करत. शेवटी सफेदी: दुधाइतकी पातळ, पाच हात, रोज एक. सफेदी धरून ठेवायला तिच्यात मीठ टाकायची पद्धत आहे. लोणा धरणाऱ्या भिंतीला तुम्ही ते घालू दिलं नाहीत. क्षारांशीच भांडण असताना वरून क्षार कशाला, असं म्हणालात.

बागेतही तुमचं लक्ष होतं, आणि ते तुमचं काम नव्हतं. फोडलेला गिलावा वाफ्यात भरायला गडी निघाला तेव्हा तुम्ही त्याला थांबवलंत. काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात चुन्याचा राडारोडा पडला की लिंबाला लोह मिळत नाही, पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. तो राडारोडा पायवाटेखाली गेला. कळीच्या चुन्यातला एक किलो बाजूला काढून एक किलो मोरचूद आणि दहा लिटर पाण्यात बुरशी मारणारी बोर्डो पेस्ट करायला लावलीत, मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत, चुना वेगळा लोखंडी भांड्यात भिजवून, निवल्यावर मग प्लास्टिकच्या बादलीत एकत्र. विळ्याचं पातं बुडवून बघितलं, तांबूस थर चढला, तर अजून थोडा चुना. डिंक्या झालेल्या लिंबाचं खोड अडीच फुटांपर्यंत रंगवलं. या पावसात डिंक गळाला नाही.

आंब्यासाठी खड्डा भिंतीपासून दहा फुटांवर आखला होता. तुम्ही तो पुसून तीस फुटांवर नेलात. काळ्या मातीत झाडाची मुळं उन्हाळ्यात पाणी ओढतात, माती आकसते आणि पाया बसतो. शिवाय काळ्या मातीतला खड्डा म्हणजे टाकंच, पाणी साचून मुळं कुजतात. म्हणून कलम फूटभर उंचवट्यावर, जोड मातीच्या चांगला वर ठेवून. ते जुलैत लावलं. दोन नवे फुटवे आले आहेत, तांबडे.

काका, शहाणपण पुष्कळांकडे असतं. ते समोरच्याच्या भल्यासाठी वापरायचं, आणि ज्याचा मोबदला मिळणार नाही अशा ठिकाणीही वापरायचं, हे सगळ्यांना जमत नाही. तुम्ही विकायला काहीच आणलं नव्हतंत. ना औषधाची बाटली, ना हमीचा कागद. जे माहीत होतं ते बऱ्हाणपूरकडच्या त्या गोड मराठीत सांगितलंत, आणि दोनदा “हे मला बघून सांगावं लागेल” असंही म्हणालात. ते ऐकून किती हायसं वाटलं! तीन वर्षं सगळे जण भिंतीकडे नजर टाकताच खात्रीनं बोलत होते.

सात तुराट्यांपैकी तीन सापडल्या, पट्टी फोडताना. त्या ओट्याच्या कोनाड्यात ठेवल्या आहेत, कुणी टाकून देऊ नये म्हणून घरात सगळ्यांना बजावलंय.

दसऱ्यानंतर उत्तरेच्या भिंतीचं काम काढायचं आहे. तिथे लोणा फक्त फूटभर आहे, पण पाऊस असतानाच बाहेरून बघून ठेवलंय: पाणी दोन ठिकाणी थांबतं, तिथे कामट्या रोवल्या आहेत. चुना पंधरा दिवसांपूर्वी भिजवला, वर चार बोटं पाणी आहे. काकूंना घेऊन या, शनिवारी मुक्कामालाच या. कामट्या बरोबर जागी आहेत का, ते तुम्ही बघितल्याशिवाय कुदळ मारणार नाही.

आपली कृतज्ञ,
सिमरोळच्या घरातली मंडळी
इंदूर