मालकंसाची वेळ आणि शेवटची लोकल

महोदय,

एकेका मोटारीत एकेकच माणूस बसून जातो आणि वर गाणी लावून मजा करतो, अशांवर जादा कर बसवा, असं एका वाचकाने आपल्या सदरात लिहिलं आहे. निम्मं पटलं. सकाळी नऊला सायनला अडकले की मलाही तसंच वाटतं, आणि दिवसा जमेल तिथे मी लोकलनेच जाते. उरलेल्या निम्म्याबद्दल हे पत्र.

मी भूलतज्ज्ञ आहे. एका रुग्णालयाची नोकरी नाही. मुलुंडपासून गिरगावपर्यंतच्या लहान लहान नर्सिंग होममधून फोन आला की बॅग उचलायची आणि निघायचं. मुहूर्त काढून सिझेरियन करून घेणारे असतात, पण अडलेली बाई मुहूर्त बघत नाही. आणि रात्री दीडला लोकल नसते.

ऑपरेशन थिएटरमध्ये गाणी असतातच, पण सर्जनच्या पसंतीची. टाके घालायला घेतले की गाण्यांचा आवाज हमखास वाढतो. माझे कान मात्र पल्स ऑक्सिमीटरकडे. त्याची टिकटिक आता सगळ्यांना ठाऊक आहे. तिला स्वर असतो हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. रक्तातला ऑक्सिजन कमी होऊ लागला की तो स्वर खाली उतरत जातो. ठोक्यांवरून लय कळते, पट्टीवरून श्वास. डोळे सुईवर असले तरी कान ती पट्टी सोडत नाहीत. दोन तास हे झाल्यावर मला एकच गोष्ट हवी असते: खाली उतरला तरी ज्याच्यासाठी धावावं लागत नाही असा स्वर. तो मला मालकंस रागाच्या मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात सापडतो, आणि तोही गाडीतच.

गाडीतच का, ते सांगते. वाळकेश्वरात १८६० साली जन्मलेल्या विष्णू नारायण भातखंडे यांनी, म्हणजे एका वकिलाने, रागांच्या वेळा आठ प्रहरांत व्यवस्थित मांडून ठेवल्या. त्या मानाव्यात की नाहीत यावर जाणकारांचे वाद आहेत. मी मानते. भर दुपारी मालकंस ऐकला तर काही बिघडत नाही, पण काही होतही नाही. मग मध्यरात्रीनंतरचा मालकंस, दरबारी, उजाडायच्या आधीचा ललित हे मुंबईत आपापल्या वेळी ऐकायचे कुठे? २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. नियम योग्यच आहे. रुग्णालयाच्या खिडकीखाली रात्री स्पीकर लागले तेव्हा याच नियमाचं नाव घेऊन मी भांडले आहे. बंद सभागृहाला ही आडकाठी नाही, पण श्रोत्यांना शेवटची लोकल गाठायची असते. साडेनऊ वाजले की षण्मुखानंदमध्येही माणसं मनगटाकडे बघू लागतात. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा, हे आता वडीलधाऱ्यांनी सांगण्यापुरतं उरलं. सकाळच्या रागांचं नशीब त्यातल्या त्यात बरं, त्यांना दिवाळी पहाट तरी मिळाली. घरी लावावं तर दोन खोल्या, सासूबाईंची झोप सावध आणि मुलगा बारावीला.

राहिली मोटार. गिरगावातलं काम आटोपलं की ऑरेंज गेटपाशी ईस्टर्न फ्रीवेवर चढायचं. उजव्या हाताला गोदीचे दिवे, पुढे वडाळ्याकडे मिठागरांचा काळोख. एसीचा पंखा अगदी हळू. मालकंसात पंचम, म्हणजे ‘प’, नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात, म्हणजे ‘म’वर, लावलेली असते. तो मध्यम नीट ऐकू येईल एवढाच वेग. साठच्या वर काटा गेला की टायरची घरघर मंद्रातलं सगळं गिळून टाकते, सिमेंटच्या रस्त्यावर जास्त, डांबरावर जरा कमी. वेगमर्यादा पाळायला मला चलनाने नाही, विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालाने लावलं.

गाणं पेनड्राइव्हवर असतं. मोबाइलवरून ऐकायचं तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, यायच्या आत बनियनची जाहिरात येते. बाबांनी कॅसेटवर टेप केलेल्या मैफिली मी उतरवून घेतल्या आहेत, श्रोत्यांच्या खोकल्यांसकट. आणखी एक शत्रू आहे. बॅग शेजारच्या सीटवर ठेवली की गाडीला वाटतं माणूस बसलाय, आणि पट्टा लावा म्हणून ती भलत्याच पट्टीत पीं-पीं करत सुटते. त्यामुळे बॅगेलाही पट्टा बांधते. कर बसवताना तिला दुसरी प्रवासी धरायला माझी हरकत नाही.

डॉक्टर म्हणून एवढं मात्र सांगायलाच हवं, की गाण्याने झोप उडते हा भ्रम आहे. डोळे जड झाले की गाणं बंद करावं, गाडी पेट्रोलपंपावर घ्यावी आणि थोडा वेळ चक्क झोपावं. काच खाली करून वारा खाण्याने काही होत नाही. आणि दोन्ही कानांत इअरफोन खुपसून गाडी हाकणं हा शुद्ध मूर्खपणा. मागून येणारी अँब्युलन्स ऐकू आलीच पाहिजे. तिच्यात माझाच पुढचा पेशंट असू शकतो.

आता मागणी. त्या वेळी रस्त्यावर मी एकटी नसते. दुधाचे टेम्पो, वाशीच्या मार्केटला निघालेले भाजीचे ट्रक, रात्रपाळीचे टॅक्सीवाले, नाकाबंदीवरचे पोलीस, सगळे जागे असतात. आकाशवाणीने १९५२ मध्ये राष्ट्रीय संगीत कार्यक्रम सुरू केला, तेव्हा चांगलं गाणं ऐकायला तिकीट लागत नाही हे घरोघरी कळलं. २०१६ मध्ये तिने चोवीस तास शास्त्रीय संगीताची ‘रागम्’ वाहिनीही काढली, ती डीटीएचवर आणि मोबाइलवर. तीच रात्री बारा ते पाच मुंबईच्या एखाद्या एफएम केंद्रावरून ऐकवावी. नवं काही ध्वनिमुद्रित करायला नको, आकाशवाणीच्या संग्रहात पिढ्यान्‌पिढ्यांचं गाणं पडून आहे. वेळा तेवढ्या पाळाव्यात: बारानंतर मालकंस, दरबारी, चारच्या पुढे ललित. आणि निवेदकांना हात जोडून विनंती, रागाचं नाव आधी सांगू नका, शेवटी सांगा. ओळखू द्या आम्हाला.

– एक भूलतज्ज्ञ, विक्रोळी