शुगर मोजता, तळवेही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून मी ३१ वर्षे नोकरी केली. बधिर तळव्यावरची जखम मी लांबूनही ओळखतो: कडेने पांढरट घट्टा, मध्ये खोल खड्डा, आणि दुखणे अजिबात नाही. यंदा तीच जखम मी थोरल्या बहिणीच्या पायाला पाहिली. अक्काला कुष्ठरोग नाही. वय ७१, आणि गेली १८ वर्षे मधुमेह.

चैत्रात यात्रेला ती भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी उभी होती. फोड आला, फुटला, तिला पत्ताच नाही. नातीला घरात लादीवर डाग दिसले तेव्हा कळले. पुढे सहा आठवडे एका दवाखान्यात ड्रेसिंग झाले, गोळ्या झाल्या, शुगर तीनदा तपासली. पण ‘आजी, या पायावर भार देऊ नका’ एवढे कोणी बोलले नाही. पट्टी बांधून ती घरी यायची आणि त्याच पायाने स्वयंपाकघर, देवघर, परसदार करायची. मग जखम भरणार कशी?

मी तिला दुसऱ्या सर्जनकडे नेले. त्यांनी आधी पावलावरच्या नाड्या चाचपल्या. मधुमेहात कुष्ठरोगासारख्याच नसा बधिर होतात, तशा रक्तवाहिन्याही अरुंद होतात; रक्तच पोचत नसेल तर कुठल्याही मलमाचा उपयोग नाही. एक्स-रे काढून हाड पाहिले, घट्टा कापला, जखम साफ केली आणि गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर घातले. त्याने भार जखमेवर न येता सगळ्या पायावर विभागतो. तोल जाऊ नये म्हणून वॉकर दिला. नऊ आठवड्यांत जखम बुजली.

ते प्लास्टर पाहून मला भरून आले. ही पद्धत आधी कुष्ठरुग्णांच्या पायांवर वापरली गेली. तमिळनाडूत वेल्लोरला अनेक वर्षे काम केलेले सर्जन डॉ. पॉल ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतल्या कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि तिथून ती मधुमेहींच्या उपचारात रुजली. मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चपलांचेही तसेच. कुष्ठरुग्णांना त्या सरकारकडून मोफत मिळतात. अक्कासाठी मागायला गेलो, तर ‘तुमचा पेशंट नियमात बसत नाही’ असे उत्तर मिळाले. विकत आणल्या, तर अक्का म्हणते, ‘त्या रोगाच्या चपला मी घालून फिरू?’ ज्या रुग्णांमध्ये माझी हयात गेली, त्यांच्याविषयीचा हा कलंक घरातच ऐकावा लागला, याचे फार वाईट वाटले.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. कुष्ठरुग्णांना आम्ही रोज पाय पाण्यात बुडवून ठेवायला सांगायचो. मधुमेहींनी तसे करू नये, कातडी भिजून फुटते. गरम पाण्याचा शेक तर मुळीच नको.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मधील अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आयुष्मान आरोग्य मंदिरात (पूर्वीचे आरोग्यवर्धिनी केंद्र) तिशीपुढच्यांची शुगर आणि बीपी बघतात; तिथेच चपला काढायला सांगून तळवे बघावेत. यंत्र लागत नाही. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांना, न दाबता, बोटाने हलकेच शिवायचे. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही, तर पाऊल बधिर आहे असे समजून डॉक्टरांकडे पाठवायचे. आशाताईंना हे सहज जमेल. आणि एमसीआर चपला अशा पायांनाही मिळाव्यात, अशी आरोग्य खात्याला माझी कळकळीची विनंती आहे.

आषाढी वारीत कितीतरी मंडळी वाटेवर चालून थकलेल्या वारकऱ्यांचे पाय तेल लावून चेपतात. त्या वारकऱ्यांत साठी-सत्तरीचे मधुमेही असतातच. पाय हातात आलेलाच असतो. चेपण्याआधी तळवा उलटा करून उजेडात एकदा बघावा, जखम दिसली तर तिथे तेल न लावता जवळच्या वैद्यकीय पथकाकडे न्यावे.

– एक निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ, कराड