बांगड्यातले हिस्टामाइन तपासा, पण आधी पद्धत पडताळा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, गोवा राज्य, यांस
सविनय नमस्कार.

2018 पासून मासळीची तपासणी म्हटली की गोव्यात फॉर्मेलिनच, म्हणजे मासळी टिकवायला घातले जाणारे रसायन, आठवते. बांगडा, तारली आणि कुपा यांच्या बाबतीत हिस्टामाइनकडेही, म्हणजे मासळी नीट थंड न ठेवल्यास तिच्यात बनणाऱ्या विषारी रसायनाकडेही, तेवढेच लक्ष हवे. बर्फ कमी पडला की जिवाणू मांसातल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून ते बनवतात. मासळीला वास नसला तरी ते असू शकते आणि हुमण कितीही उकळले तरी जात नाही. चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते आणि लोक ॲलर्जी समजून गप्प बसतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा किलोला 200 मिलिग्रॅम आहे. फॉर्मेलिन तपासण्याची पट्टी हिस्टामाइन दाखवत नाही.

यासाठी सोन्याचे नॅनोक्लस्टर, म्हणजे जेमतेम पंचवीसेक अणूंचे चमकणारे पुंजके, वापरता येतील. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेली कृती साधी आहे. मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम बोव्हाइन अल्ब्युमिनच्या (गाईच्या रक्तातल्या प्रथिनाच्या) 5 मिली द्रावणात 10 मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्ल (सोन्याचे संयुग) 5 मिली घालायचे, दोन मिनिटांनी 1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड अर्धा मिली, आणि 37 अंशांवर 12 तास ढवळत ठेवायचे. एका घाण्याला सोने लागते साधारण 10 मिलिग्रॅम. 365 नॅनोमीटरच्या दिव्याखाली द्रावण लाल चमकते. ते जांभळट झाले तर मोठे कण बनले असे समजून टाकून द्यावे. बहुतेकदा काचसामान नीट धुतलेले नसते. उरलेला अल्कली डायलिसिसने (सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळून) काढावा, नाहीतर पुढे एन्झाइम चालत नाही.

डायअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम हिस्टामाइनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते आणि पेरॉक्साइडमुळे लाल चमक मंदावते. मासळीत अडचण इथेच येते. मांसात कॅटालेज हे एन्झाइम असते, ते पेरॉक्साइड फस्त करते आणि नासलेला बांगडा चांगला ठरतो. म्हणून 5 ग्रॅम मांस 45 मिली पाण्यात वाटून आधी उकळावे. कॅटालेज मरते, हिस्टामाइन टिकते. मग गाळून घ्यावे. बांगड्याच्या काळ्या मांसाचा रंग प्रकाश शोषतो आणि तांबेही चमक मारते, त्यामुळे प्रत्येक नमुन्याची एन्झाइम न घातलेली जोडनळी हवीच. त्याच अर्कात माहीत असलेले हिस्टामाइन मिसळून तेवढीच घट दिसते का, हेही पाहावे. डायअमाइन ऑक्सिडेज हे पुट्रेसिन आणि कॅडाव्हेरिन या मासळी नासताना बनणाऱ्या इतर रसायनांवरही चालते. आकडा फुगला तर संशयित नमुना एचपीएलसीवर, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतील यंत्रावर, जाईल. आमच्या मते ही त्रुटी परवडते, कॅटालेजची परवडत नाही.

जेटीवर उन्हात चमक दिसणार नाही, बंद काळी पेटी लागेल. मोबाइलने फोटो काढल्यास एक्स्पोजर लॉक करावे आणि माहीत असलेल्या हिस्टामाइनची प्रमाणित नळी शेजारीच ठेवावी. एन्झाइमला शीतपेटी लागेल. एकाच माशात हिस्टामाइन सगळीकडे सारखे नसते, तेव्हा एका खेपेतून अनेक मासे घ्यावेत.

आमची मागणी एवढीच: कोणतेही किट खरेदी करण्याआधी बांगडा, तारली आणि कुपा यांच्या अर्कांवर ही पद्धत एचपीएलसीशी ताडून पाहायला एका सरकारी प्रयोगशाळेला निधी द्यावा आणि निकाल, चुकलेल्या नमुन्यांसह, जाहीर करावेत. मासेमारी बंदी 31 जुलैला संपते. हे काम बंदीच्या आधीच्या हंगामात झाले, तर 1 ऑगस्टला मालिम आणि कुटबणच्या जेटींवर तपासणी सुरू करता येईल.

आपले,
रासायनिक विश्लेषणाचे काम करणारे काही गोमंतकीय