इंग्रजी इडियम्सची नुसती यादी नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी इंग्रजी इडियम्स, म्हणजे वाक्प्रचार, येतात ते मी आवर्जून वाचते, कारण केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या (एसएससी, दहावीची नव्हे) सीजीएलसारख्या नोकरभरतीच्या परीक्षांत त्यावर प्रश्न असतातच आणि ज्याला क्लास परवडत नाही त्या पोराला पेपरचाच आधार. पण इडियम आणि समोर एका शब्दात मराठी अर्थ, एवढ्यावर थांबू नका हो. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, बरोबर आहे, मार्कही मिळेल, पण ते आपल्या 'गचकला'सारखं बोलणं आहे आणि उद्या तेच पोरगं नोकरीला लागलं आणि साहेबांचे वडील वारले म्हणून सांत्वनाच्या मेलमध्ये हे लिहून बसलं तर? तिथे 'पास्ड अवे' लागतं, हे त्याला कोण सांगणार?

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स', म्हणजे धो धो पाऊस, प्रत्येक यादीत असतं, पण इंग्लंडमधली माणसं रोजच्या बोलण्यात साधं 'इट्स पोरिंग' म्हणतात. आणि गवताच्या छपरावर झोपलेली कुत्री-मांजरं पावसात घसरून खाली पडायची म्हणून हे आलं, ही गोष्ट कृपा करून छापू नका, ती १९९९ मध्ये ईमेलवरून फिरलेली थाप आहे आणि आता व्हॉट्सॲपवर फिरतेय.

आपल्या मुलांना खरी अडचण येते ती नोकरीत. पुण्यात आयटीत काम करणाऱ्यांना अमेरिकन क्लायंट 'बॉलपार्क फिगर' द्या म्हणतो, म्हणजे ढोबळ आकडा, मग मध्येच कुणी 'कर्व्हबॉल' टाकतं, म्हणजे अचानक अवघड काहीतरी समोर आणतं. हे सगळं बेसबॉलमधलं, आपल्याला तो खेळच माहीत नाही. उलट 'स्टिकी विकेट' आपल्या मुलांना लगेच कळेल, पूर्वी पिच झाकत नसत, पाऊस पडून वर ऊन आलं की बॉल कसाही उसळायचा आणि बॅट्समनचे हाल, म्हणून अडचणीची परिस्थिती. 'बॅकफूटवर' तर आपण राजकारणाच्या बातमीत सर्रास लिहितोच.

आणि ब्रिटिश की अमेरिकन हेही सांगा. मीटिंगमध्ये एखादा मुद्दा 'टेबल' करू म्हटलं तर ब्रिटिश माणूस तो चर्चेला घेतो, अमेरिकन तो बाजूला ठेवतो! दुसऱ्या महायुद्धात दोघांचे अधिकारी यावरून बराच वेळ भांडले आणि दोघांना हवं होतं एकच, चर्चिलनी आठवणींत लिहून ठेवलंय.

म्हणून विनंती आहे की एका दिवशी दोनच द्या पण नीट द्या, कोण कुणाला कधी म्हणतं, गमतीत की गंभीरपणे, आणि सोबत एक खरं वाटेल असं वाक्य. सुरुवात 'हॅट्ट्रिक'पासून करता येईल, १८५८ मध्ये शेफिल्डला स्टीफन्सन नावाच्या बॉलरनं सलग ३ चेंडूंवर ३ विकेट काढल्या म्हणून लोकांनी वर्गणी काढून त्याला हॅट दिली होती, आणि आमदारांच्या हॅट्ट्रिकचं हेडिंग तर आपल्याकडे दर निवडणुकीला असतं.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, सातारा