माझ्या मुलाचे मनगट धरणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुम्ही माझ्या मुलाच्या कॉर्नियाचे, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पारपटलाचे, दोन नकाशे, एक वर्षापूर्वीचा आणि एक नवा, पडद्यावर शेजारी शेजारी ठेवलेत आणि "फरक नाही" एवढेच म्हणालात; म्हणजे आजार वाढलेला नव्हता. त्या वेळी माझा घसा दाटून आला होता आणि साधे आभारही मानता आले नाहीत, म्हणून हे पत्र.

मुलगा 20 वर्षांचा, कबड्डी खेळणारा. चष्मा लावून मैदानात उतरता येत नाही, म्हणून लेसिक, म्हणजे लेसरने चष्म्याचा नंबर घालवणारी शस्त्रक्रिया, करून घ्यायचे आम्ही ठरवले होते आणि एका ठिकाणी तारीखही मिळाली होती. दोन वर्षांत सिलिंडरचा, म्हणजे कॉर्नियाच्या असमान वक्रतेसाठीचा, नंबर तीनदा का बदलला, हे तिथे कोणीही विचारले नाही. सवलत कधी संपणार हे मात्र पुन्हा पुन्हा सांगितले गेले. माझ्या भावाने हट्ट धरला नसता, तर आम्ही तुमच्यापर्यंत पोहोचलोच नसतो.

तुम्ही शस्त्रक्रियेला स्पष्ट नकार दिलात आणि त्याचे कारण समजावण्यासाठी, बाहेर रुग्ण खोळंबलेले असतानाही, घाई केली नाहीत. पारपटल जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. त्याच्या मध्यभागी रक्तवाहिन्या नसतात, म्हणून प्राणवायू त्याला मुख्यतः अश्रूंमार्फत हवेतून मिळतो. त्यातले कोलॅजनचे तंतू इतके बारीक आणि नेटके रचलेले असतात की प्रकाश न विखुरता आरपार जातो. आणि अगदी आतल्या थरातल्या पेशी त्यातले पाणी सतत उपसत राहतात, नाहीतर ते फुगून दुधाळ होईल. काचेसारखे दिसणारे हे पटल स्वच्छ राहण्यासाठी इतके सारे अखंड चालू असते, हे मला वयाच्या पन्नाशीत प्रथमच कळले. लेसिकमध्ये त्याच अर्ध्या मिलिमीटरमधला थोडा भाग लेसर कायमचा काढून टाकतो. निरोगी पारपटलाला ते बहुतेक वेळा सोसते. माझ्या मुलाच्या नकाशात मात्र खालच्या बाजूला लाल डाग होता: केरॅटोकोनस. आधीच पातळ होऊन शंकूसारखे पुढे येऊ लागलेले पटल आणखी पातळ केले असते, तर ते अधिकच फुगले असते, कदाचित व्रण पडून पांढुरके झाले असते आणि आम्हाला नेत्रदात्याची वाट पाहत बसावे लागले असते.

तरीही माझ्या मनात राहिले आहे ते वेगळेच. तुम्ही बोलत असताना मुलाने नेहमीच्या सवयीने डोळा चोळायला हात उचलला, आणि तुम्ही वाक्य न तोडता त्याचे मनगट हलकेच धरून खाली आणलेत. रागावला नाहीत. बोलणे संपेपर्यंत हात तसाच धरून ठेवलात आणि मग म्हणालात, "हे एवढे बंद कर, बाकीचे मी बघते." तो लहानपणापासून डोळे चोळतो आणि आम्ही त्यासाठी त्याला फक्त ओरडत आलो, खाज ॲलर्जीची आहे, तिला औषध आहे आणि या चोळण्याने आजार बळावतो, हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते.

पुढे रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण यांनी पटलाला बळकटी देण्याचा उपचार झाला. त्याचा तपशील इथे लिहीत बसत नाही. चष्मा गेलेला नाही आणि त्याची खंत आता मुलालाही उरलेली नाही. जी शस्त्रक्रिया केल्याने चार पैसे मिळाले असते, ती करू नका असे सांगणारी आणि घाबरलेल्या पोराचा हात धरून बसणारी माणसे आपल्या आसपास आहेत, हा विश्वास मी जवळजवळ गमावला होता. तो तुम्ही परत दिलात.

परवा जेवताना त्याच्या धाकट्या बहिणीने डोळा चोळला, तेव्हा त्याने तिचे मनगट अगदी तुमच्यासारखेच धरले. हा आजार भावंडांतही असू शकतो असे तुम्ही बजावले होते, म्हणून पुढच्या तपासणीला तिलाही घेऊन येत आहोत.

आपला ऋणी,
एका रुग्णाचे वडील