सुरुंगातून वाचलेलं घर

प्रिय मंद्या,

सॅन फ्रान्सिस्कोत फ्रँकलिन स्ट्रीटवर २००७ नंबरचं एक घर आहे, हास-लिलिएन्थल हाऊस. आर्किटेक्ट असून तुला माहीत नसेल तर लाज वाटू दे जरा! १८८६ चं, अख्खं लाकडी, करड्या रंगाचं, कोपऱ्यावर गोल मनोरा आणि उतरत्या छपरांची नुसती गर्दी. क्वीन ॲन स्टाइल म्हणतात तिला. विल्यम हास म्हणून बव्हेरियातून आलेला ज्यू माणूस, किराण्याचा होलसेल धंदा, त्याने साडेअठरा हजार डॉलर घालून बांधलं, आज तेवढ्यात तिथे एक बाथरूम होत नाही.

पण खरी गंमत १९०६ ची. १८ एप्रिलला पहाटे भूकंप झाला, त्याने जेवढं पडलं त्याच्यापेक्षा जास्त नंतरच्या आगीत गेलं, कारण पाण्याच्या मेन लाइनच फुटलेल्या, बंबवाले करणार काय? शेवटी व्हॅन नेस ॲव्हेन्यूवर आग अडवायची ठरली, रस्ता १२५ फूट रुंद ना, आणि त्यासाठी तिथले श्रीमंतांचे बंगले सुरुंग लावून उडवले. व्हॅन नेसच्या पश्चिमेला लगेच पुढचाच रस्ता फ्रँकलिन! म्हणजे एका गल्लीच्या अंतरावर लोकांची घरं मुद्दाम उडवली आणि हे थोडक्या नुकसानीवर सुटलं.

पुढे १९५०-६० च्या दशकांत त्याच शहरात रिडेव्हलपमेंटच्या नावाखाली वेस्टर्न ॲडिशन नावाच्या वस्तीतली असली शेकडो घरं पाडली, गरिबांची होती म्हणून कोणी फारसं विचारलंही नाही. इथे मात्र हासची मुलगी ॲलिस लिलिएन्थल १९७२ पर्यंत राहत होती, मला वाटतं खरं वाचवलं ते तिनेच. नंतर वारसांनी घर वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं, १९७४ च्या सुमारास. सगळ्या वारसांचं एकमत! आपल्या सदाशिव पेठेत घडवून दाखव.

आत गडद लाकडी पॅनेलिंग आहे, भारी आहे, पण मला त्याहून आवडला तो मनोरा. बाहेरून वाटतं वर बसून कोणीतरी खाडी बघत चहा पीत असेल, आणि खिडक्या आतल्या जमिनीपासून इतक्या उंचावर की माणसाचं डोकंसुद्धा पोचत नाही, निव्वळ शो! आता तू क्लायंटच्या हौसेला नावं ठेवलीस ना की हाच फोटो पाठवणार.

तुझा,
सुन्या