माननीय पर्यटन मंत्री महोदय, जुन्या मुक्कामांची कौले चाळायची वेळ झाली आहे

माननीय पर्यटन मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात राहणारी एक निवृत्त शिक्षिका आहे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. गेल्या डिसेंबरात आईला घेऊन माथेरानला गेले होते. आई आता 84 वर्षांची आहे. 1961 साली, लग्न झाल्यावर महिन्याभरात, ती आणि बाबा नेरळहून छोट्या गाडीने वर गेले होते आणि एका कौलारू बंगल्यातल्या हॉटेलात चार दिवस राहिले होते. आमच्या घरात त्या चार दिवसांच्या गोष्टी इतक्या वेळा सांगितल्या गेल्या आहेत की तो व्हरांडा मी न पाहताच ओळखत होते. "एकदा तिथे जाऊन बसायचंय," एवढेच आईचे मागणे होते.

बंगला सापडला. फाटकाला कुलूप होते. आतल्या माळ्याने आईकडे पाहिले आणि काही न विचारता कुलूप काढले. अर्धे छप्पर खाली आले होते. मंगलोरी कौलांचा ढीग दिवाणखान्यात पडला होता आणि सागवानी वाशांना वाळवी लागली होती. आई जांभ्याच्या पायरीवर बसली, जरा वेळाने म्हणाली, "इथे लांब हातांच्या दोन आरामखुर्च्या होत्या." मग पुष्कळ वेळ काही बोलली नाही.

रात्री आम्ही दुसऱ्या एका जुन्या हॉटेलात राहिलो. ते अजून चालू आहे. उंच छत, चारी बाजूंनी व्हरांडा, माकडांसाठी जाळ्या लावलेल्या खिडक्या. आठ वाजता जेवणाची घंटा वाजली आणि आई दचकून उठून बसली. "अशीच वाजायची," म्हणाली. त्या एका घंटेपायी मी हे पत्र लिहायला बसले आहे.

महोदय, माथेरानचा इतिहास आपल्याला ठाऊकच असेल. 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट या डोंगरावर चढले आणि त्यानंतर इथे बंगले उठू लागले. पुढे मुंबईचे उद्योगपती आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःचे सोळा लाख रुपये घालून 1904 ते 1907 या काळात नेरळपासून एकवीस किलोमीटरची छोटी रेल्वे बांधली. पारशी, बोहरी, गुजराती, मराठी अशी सगळी मुंबई उन्हाळ्यात इथे येऊ लागली आणि त्यांच्यासाठी बंगल्यांची हॉटेले झाली. ही घरे फार विचार करून बांधलेली आहेत. जोते उंच, म्हणजे पावसाचे पाणी आणि सरपटणारे प्राणी आत येत नाहीत. छप्पर उतरते, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. स्वयंपाकघर मागे वेगळे, त्यामुळे धूर आणि आगीची भीती मुख्य घरापासून दूर. व्हरांडा इतका रुंद की मुसळधार पावसातही माणूस बाहेर बसू शकतो. भर एप्रिलच्या दुपारी तिथे पंखा लावावा लागत नाही. शेजारी उभ्या राहिलेल्या काचेच्या खिडक्यांच्या इमारतीत मात्र डिसेंबरातही वातानुकूलन यंत्राचा आवाज येत होता.

2005 च्या जुलैमधल्या अतिवृष्टीत माथेरानचा रेल्वेमार्ग वाहून गेला. तो पुन्हा बांधला आणि 2007 मध्ये गाडी सुरू झाली. नंतरही दरडी कोसळल्या, अपघात झाले, गाडी बंद पडली, आणि 2022 मध्ये नेरळहून पुन्हा वर येऊ लागली. तोट्यातल्या, जेमतेम दोन फूट रुंदीच्या या रुळांवर इतका खर्च झाला, तो लोकांचा या गाडीवर जीव आहे म्हणून. त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या गाडीतून उतरून माणसे ज्या घरांत मुक्काम करत होती, ती घरे त्याच इतिहासाचा दुसरा अर्धा भाग आहेत. गाडी वाचली आणि मुक्काम गेले, असे होऊ नये.

आता मुद्द्याचे बोलते. माथेरान आणि महाबळेश्वरचे कितीतरी जुने बंगले सरकारी जमिनीवर, भाडेपट्ट्याने उभे आहेत. पट्टा पुढे वाढेल का, किती वर्षांसाठी आणि कोणत्या अटींवर, याची खात्री नसलेला माणूस छपराचे वासे बदलायला हात घालत नाही. बँकही त्याला कर्ज देत नाही. दरवर्षी दोन-चार कौले बदलून तो दिवस ढकलतो आणि एखाद्या पावसाळ्यात भिंत बसते. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे जुन्या घरांच्या भिंती पावसाळ्याआधी गवताने शाकारून घेण्याची रीत आहे. एक वर्ष शाकारणी चुकली तर त्याचे फळ पुढची दहा वर्षे भोगावे लागते. पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र म्हणून महाबळेश्वर-पाचगणीची अधिसूचना 2001 मध्ये आणि माथेरानची 2003 मध्ये निघाली. त्यामुळे झाडे राहिली, माथेरानात मोटारी आल्या नाहीत, आणि हे फार मोठे काम झाले. मात्र नवे बांधू नका असे सांगितल्याने जुने आपोआप टिकत नाही. त्याला माणूस लागतो, पैसा लागतो आणि मुख्य म्हणजे उद्याची खात्री लागते.

माझी पहिली विनंती एवढीच आहे. जो पट्टेदार जुनी वास्तू तिच्या मूळ रूपात दुरुस्त करून प्रवाशांसाठी उघडी ठेवेल, त्याला दीर्घ मुदतीचा पट्टा लेखी आणि ठरलेल्या वेळेत मिळावा. महसूल विभागाचा विषय आहे हे मला कळते. पण पर्यटन विभागाने तो पुढे नेला नाही तर दुसरे कोण नेणार?

जुने हॉटेल हॉटेल म्हणून बंद पडले की त्याचे काय होते, हे मुंबईतच काळा घोड्याला दिसते. वॉटसन्स हॉटेलचा लोखंडी सांगाडा 1860 च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतला आणि जहाजाने इथे आणून उभा केला. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची चलचित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच हॉटेलात. पुढे हॉटेल बंद झाले, खोल्यांची कार्यालये झाली, देखभालीला वाली उरला नाही. 2005 मध्ये इमारतीचा एक भाग कोसळला आणि 2019 मध्ये ती रिकामी करावी लागली. आपल्या देशातल्या सिनेमाचा जन्म जिथे झाला, त्या वास्तूजवळून जाताना मी मुलांना मान वर करून बघायला सांगत असे. आता तिथे काय दाखवणार?

खाजगी मालकांचे एक वेळ बाजूला ठेवू. सरकारच्या स्वतःच्या घरात काय आहे ते पाहावे. महाराष्ट्रभर सार्वजनिक बांधकाम विभागाची आणि वन विभागाची जुनी विश्रामगृहे आहेत. गावातले लोक त्यांना अजून डाक बंगलाच म्हणतात. टपाल आणि साहेब घोड्यावरून, दमणीतून फिरत त्या काळात, एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर ही घरे बांधली गेली. जागा निवडणाऱ्याची नजर मोठी होती. नदीचे वळण, टेकडीचा माथा, जुन्या वडाची सावली, अशाच ठिकाणी डाक बंगला सापडतो. दोन खोल्या, मधे जेवणघर, मागे खानसाम्याची खोली. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते, त्यामुळे लहानपणी अशा कितीतरी घरांत झोपले आहे. एका खानसाम्याने बनवलेले कोंबडीचे कालवण आणि ज्वारीची भाकरी यांची चव मला पन्नास वर्षांनंतर आठवते. त्याच्याकडे एक वही असायची. मुक्काम केलेल्या प्रत्येकाने त्यात चार ओळी लिहायच्या. पाऊस किती झाला, रस्ता कसा होता, वाघ दिसला का. असल्या वह्या आज कुठे आहेत? रद्दीत गेल्या असतील तर जिल्ह्याजिल्ह्यांचा शंभर वर्षांचा इतिहास त्यांच्याबरोबर गेला.

यातली अनेक घरे आज वर्षातले बहुतेक दिवस रिकामी असतात. सामान्य माणसाने खोली मागितली तर आधी ओळख विचारली जाते. ओळख निघाली तरी आरक्षणाच्या कागदावर अट असते की वरिष्ठ अधिकारी किंवा मान्यवर आल्यास खोली सोडावी लागेल. आमच्यावर ती वेळ आली आहे. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्यात रात्री साडेनऊ वाजता, पैसे भरलेले असताना, आम्हाला सामान उचलायला सांगितले गेले. माझ्या यजमानांना तेव्हा ताप होता. चौकीदार बिचारा हात जोडत होता, त्याचा काहीच दोष नव्हता. ती खोली शेवटी रिकामीच राहिली, असे त्याने दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितले. महोदय, कोणाला दोष द्यावा म्हणून हे लिहीत नाही. अट बदलावी म्हणून लिहिते आहे.

हे जमते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मेळघाटात सिपना नदीच्या वळणावर कोलकाजचे वन विश्रामगृह आहे. तिथे पर्यटकाला रीतसर आरक्षण करता येते. पहाटे व्हरांड्यात बसले की खाली नदीवर पाणी प्यायला आलेले सांबर दिसते. त्या घराला कोणी संगमरवर लावलेला नाही आणि लावूही नये. स्वच्छ चादर, गरम पाणी, डासांची जाळी आणि शिजवून वाढणारा माणूस, एवढे असले की प्रवासी सुखी असतो.

स्पेनमध्ये 1928 पासून सरकारी मालकीची पारादोर नावाची हॉटेले आहेत. जुने किल्ले, मठ, वाडे दुरुस्त करून सरकारनेच त्यांत प्रवाशांची सोय केली. सामान्य शिक्षकालाही तिथे एखादी रात्र राहता येते. आपल्याकडे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ 1975 पासून आहे, निवासे चालवण्याचा पन्नास वर्षांचा अनुभव आहे. बांधकाम आणि वन विभागांशी करार करून निवडक पंचवीस-तीस जुनी विश्रामगृहे महामंडळाने चालवायला घेतली तर नव्या इमारतींसाठी एक झाडही तोडावे लागणार नाही.

वाड्यांविषयी थोडक्यात सांगते, कारण तिथे लोकांनी स्वतः वाट काढायला सुरुवात केली आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात आता पाहुणे राहू शकतात. समोर मोती तलाव, आत गंजिफाचे, म्हणजे जुन्या खेळाचे, गोल पत्ते रंगवणारे कलाकार. मुक्काम असला म्हणजे माणूस कलाकाराशेजारी तासभर बसतो, धावत्या सहलीत ते होत नाही. पण राजवाड्यांचे जमेल, चार खोल्यांच्या वाड्याचे काय? आपल्या निवास व न्याहारी योजनेत घर नोंदवता येते. तिच्यात जुन्या घरांसाठी वेगळा वर्ग करावा. केंद्र सरकार 1950 पूर्वीच्या वास्तूंना हेरिटेज हॉटेलचा दर्जा देते, पण त्याच्या अटी हॉटेलांना समोर ठेवून केलेल्या आहेत. वाई, चिपळूण, पैठण इथल्या वाड्यात दोन खोल्या देऊ पाहणाऱ्या कुटुंबाला त्या झेपत नाहीत. अशा कुटुंबाला मदत हवी ती चुन्याच्या कामाची. चुन्याची घाणी चालवणारे, मातीचा गिलावा करणारे गवंडी शोधूनही मिळेनासे झाले आहेत. चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावले की ओल आत कोंडते आणि भिंत फुगते. जिल्ह्याला असे चार गवंडी तयार झाले तरी शेकडो घरे उभी राहतील.

आणि धर्मशाळा. आपला सर्वात जुना मुक्काम हाच आहे, साहेबांच्या आधीपासूनचा. 2025 मध्ये अहिल्याबाई होळकरांची तीनशेवी जयंती आपण साजरी केली. त्यांनी काशीपासून नाशिकपर्यंत घाट आणि धर्मशाळा बांधल्या, हे भाषणाभाषणांतून ऐकले. गाडगेबाबांनी स्वतःसाठी झोपडी बांधली नाही आणि पंढरपूर, आळंदी, नाशिकला गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. 2027 च्या सिंहस्थासाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरमध्ये तात्पुरत्या निवाऱ्यांवर मोठा खर्च होणार. पर्वणी संपली की तंबू निघतात. त्यातला थोडा वाटा पंचवटीतल्या आणि त्र्यंबकच्या पडक्या धर्मशाळांच्या छपरांवर, संडास-न्हाणीघरांवर खर्च झाला, तर वारकऱ्याला आणि कमी पैशांत फिरणाऱ्या कुटुंबाला पुढची पन्नास वर्षे आसरा राहील. विश्वस्तांना बोलवा, ऐका. बरेच जण तयार आहेत, त्यांना परवानग्यांचे कागद कुठे द्यायचे तेच कळत नाही.

एक शंका आपल्या कार्यालयातून विचारली जाईल, ती मीच मांडते. जुनी घरे दुरुस्त झाली की भाडी वाढतात आणि आमच्यासारख्यांना ती परवडत नाहीत. हे खरे आहे. माथेरानात ज्या हॉटेलात आम्ही राहिलो, तिथल्या दोन रात्रींसाठी मी वर्षभर पैसे बाजूला टाकले होते. म्हणूनच सरकारी जमीन, सरकारी इमारत किंवा सरकारी मदत असेल तिथे काही खोल्या माफक दरात ठेवण्याची अट घालावी. माझ्या आईबाबांनी 1961 मध्ये एका कारकुनाच्या पगारात ते चार दिवस काढले होते.

माझे मागणे मोठ्या समारंभाचे नाही. आपल्या विभागाने तीन महिन्यांत जुन्या मुक्कामांची जिल्हावार यादी करावी आणि ती लोकांसमोर ठेवावी. त्या यादीत तो माथेरानचा बंगलाही असावा. तिथला माळी मला म्हणाला, खांब अजून सरळ आहेत, एका बाजूचे वासे बदलले तर छप्पर उभे राहील. कौले चाळायला शिमग्यापासून मृगापर्यंतचेच दिवस मिळतात. यंदाचा मृग 7-8 जूनला लागेल.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, ठाणे